हाक मारायला शिकवताना

नडलेल्याला मदत केली की म्हातारं माणूस तोंडभरून दुवा देतं. मराठीत हा शब्द इतका मुरला आहे, की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र मराठीने त्यातला फक्त आशीर्वाद उचलला. मूळ अरबीत ‘दुआ’ म्हणजे हाक. माणसाने अल्लाहला मारलेली, मध्ये कुणीही नसलेली हाक.

नमाज आणि दुआ एकच, असं माझ्या अनेक मराठी मित्रांना वाटतं. नमाजला वेळ आहे, वजू (हात-तोंड-पाय धुणं) आहे, काब्याची दिशा आहे, अरबी शब्द आहेत, उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचा क्रम आहे. दुआला यातलं काहीच सक्तीचं नाही. पाळीच्या दिवसांत बाई नमाज पढत नाही, पण दुआ मागू शकते. अंथरुणाला खिळलेला माणूस पडल्या पडल्या मागतो. आदब आहेच: आधी अल्लाहची स्तुती, मग पैगंबरांवर दरूद (त्यांच्यासाठी कृपेची याचना), मग मागणं आणि शेवटी आमीन. ओंजळ छातीपाशी उघडी धरायची आणि मागून झालं की अनेक घरांत तेच हात चेहऱ्यावरून फिरवायचे. पण हे सगळं विसरलं आणि नुसतंच ‘या अल्लाह’ तोंडातून निघालं, तरी तीही दुआच.

आमचं घर जुन्या नाशकातलं, मोगलांच्या काळी ज्याला गुलशनाबाद म्हणत त्या गावातलं. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज झाली की दादी आम्हा पोरांना मुसल्याभोवती, नमाजाच्या चटईभोवती बसवायची. तिची उर्दू अर्धी मराठी होती. अरबी दुआ तिला मोजक्याच येत. ती म्हणायची, “एक आपल्यासाठी मागा, एक दुसऱ्याच्या घरासाठी.” मग कुणी पतंग मागायचं, कुणी शेजारच्या काकूंचा खोकला बरा होऊ दे म्हणायचं. दादी प्रत्येकाला सारख्याच गंभीरपणे आमीन म्हणायची. पतंगालाही! चपलेचा तुटलेला पट्टासुद्धा अल्लाहकडेच मागावा, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तिरमिजींच्या संग्रहात आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मकतबमधलं, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेतलं शिक्षण वेगळं होतं. तिथे ‘नूरानी कायदा’ या पुस्तकातून अरबी अक्षरओळख झाली, मग जेवणाआधीची, झोपतानाची, प्रवासाची अशा दुआ पाठ झाल्या. पाठांतराला माझा विरोध नाही. ते शब्द चौदा शतकं माणसांनी जपले आहेत. दुःखात स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा तेच हाताशी येतात. पण रात्रीच्या वित्र नमाजातली कुनूत नावाची दुआ म्हणताना मी अडखळलो, म्हणून एका शिक्षकांनी हातावर छडी मारली. पुढे कित्येक वर्षं त्या जागी आलो की माझा घसा कोरडा पडायचा. हाक मारायला शिकवताना मुलाचा आवाजच बसला, तर ते कसलं शिकवणं?

पैगंबरांची पद्धत पाहावी. त्यांच्या घरात वाढणारा सावत्र मुलगा, उमर इब्न अबी सलमा, जेवताना ताटभर हात फिरवायचा. त्यांनी त्याला सांगितलं ते एवढंच: अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचं खा. जेवणाच्या सवयीतच अल्लाहचं नाव आलं, त्यासाठी वेगळा तास नाही. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती वाचली की मला साने गुरुजी आठवतात. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनालाही तसंच जपायला आणि त्यासाठी देवाकडे मागायला सांगते. याच गुरुजींनी पुढे ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं, याचं मला नवल वाटत नाही.

मुलांनी कोणत्या भाषेत मागावं, यावर घराघरांत वाद होतात. नमाजाच्या आत बहुतेक उलेमा अरबीचाच आग्रह धरतात. नमाजाबाहेर मात्र मुभा आहे. तरीही मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला “मराठीत दुआ कुठे असते?” असं दटावणारी माणसं मी पाहिली आहेत. मला हे पटत नाही. मूल ज्या भाषेत रडतं, त्याच भाषेत त्याला मागू द्यावं. उर्दू शाळांच्या परिपाठात इक्बालांची १९०२ सालची ‘बच्चे की दुआ’ म्हटली जाते. तीही अरबीत नाही, पोरांना कळेल अशा उर्दूत आहे.

सगळ्यांत अवघड प्रश्न पुढेच येतो: मागितलं, तरी मिळालं का नाही? दादी आजारी पडली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने रोज हात उचलले. दादी गेली. त्या रात्री कुणीतरी तिला म्हणालं, “मनापासून मागितलं नसशील.” हे वाक्य मुलाला कधीही ऐकवू नये. हदीसमध्ये सांगितलं आहे, की दुआ वाया जात नाही: मागितलेलं मिळतं, किंवा ते आखिरतसाठी, मरणानंतरच्या जीवनासाठी राखलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. पण लहान मुलापुढे मी हाही हिशेब मांडणार नाही. मी त्याला एवढंच सांगेन, की पैगंबरांचा इब्राहिम हा मुलगा तान्हेपणीच गेला आणि तेव्हा तेही रडले.

कधी सगळं गाव मिळून मागतं. पाऊस लांबला की मोकळ्या मैदानात इस्तिस्काची नमाज होते, पावसासाठीची. या दुआत तळहात उलटे, हातांची पाठ आभाळाकडे धरण्याची रीत आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरंही सोबत न्यावीत, असं जुन्या ग्रंथांत सांगितलं आहे. आपल्या खेड्यांत कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी मागत फिरणारी पोरं आठवतात ना? पाऊस मागताना लेकरं पुढे हवीत, हे दोन्हीकडे ठाऊक होतं.

मदिनेत एका शुक्रवारी पैगंबर खुतबा (प्रवचन) देत असताना कुणीतरी उठून दुष्काळाचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी हात उचलले आणि पाऊस आला तो पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबलाच नाही. मग पुन्हा गाऱ्हाणं: घरं पडताहेत, गुरं मरताहेत. तेव्हा त्यांनी ‘पाऊस बंद कर’ असं मागितलं नाही. आमच्यावर नको, आजूबाजूला पडू दे, टेकड्यांवर, ओढ्यांत, झाडांच्या मुळांशी पडू दे, अशा अर्थाचं मागितलं. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला ही दुआ लगेच कळावी.

माझी सहा वर्षांची भाची निफाडकडची. तिच्या घरी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर पाऊस आला की डावणी रोगाच्या भीतीने घरात कुणाला झोप नसते. मागच्या खेपेला ती आमच्याकडे होती आणि रात्री आभाळ गडगडायला लागलं. मी तिला मदिनेची गोष्ट अजून सांगितली नव्हती. ती अंथरुणात उठून बसली, ओंजळ धरली आणि मराठीत म्हणाली, “अल्लाह, इथं पाड. इथं तर नुसतं सिमेंटच आहे. आमच्या बागेवर नको.” मग थोडं थांबून म्हणाली, “शेजारच्या तात्यांच्या बागेवर पण नको.”

मी आमीन म्हणालो.