बहार कोणता धरावा? शेताचा हिशेब आणि घराचा हिशेब

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या तालुक्यांतील संत्रा बागाइतदारांस दरवर्षी एक निर्णय घ्यावा लागतो. आंबिया बहार धरावा की मृग बहार, हा तो निर्णय होय. दोन्ही बहार एकाच झाडावर घेतल्यास झाडाची शक्ती खचते, हे आता बहुतेकांस पटलेले आहे. परंतु दोहोंपैकी एक निवडताना जो हिशेब केला जातो, तो बहुधा बगिच्याच्या कुंपणापाशीच थांबतो. हा लेख त्या कुंपणाबाहेरील हिशेबासंबंधी आहे.

आंबियाची फुले थंडीच्या ताणाने येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाड बहरते. फळ ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हाती येते. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो. जमीन हलकी असल्यास थोडे दिवस पुरतात, भारी असल्यास अधिक दिवस लागतात, आणि अतिभारी काळ्या जमिनीत हा ताण नीटसा बसतच नाही. पाऊस आला की जून-जुलैत फुले येतात व फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीस येते. पाऊस लांबला तर हा बहार फसतो. आंबियाची फुले त्या मानाने भरवशाची. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना, झाडावरील कोवळ्या फळांस पाण्याची सर्वांत अधिक गरज असते. पाणी कमी पडले की नागपूरच्या उन्हात फळगळ ठरलेलीच.

येथे घराचा संबंध येतो. मे महिन्यात त्याच विहिरीवर जनावरांचा हिरवा चारा, परसातील भाजी व पिण्याचे पाणी अवलंबून असते. मृग धरला तर ताणाच्या दिवसांत ते पाणी मोकळे राहते. आंबिया धरला तर ते बगिच्याकडे वळते, चारा वाळतो, म्हैस आटते आणि घरातील बायकांना दूरवरून चाऱ्याचे भारे आणावे लागतात. दुधाचा तोटा आणि त्या भाऱ्यांचे श्रम बहाराच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, मे महिन्यात विहीर दररोज चार तास पाणी देते आणि बगिच्यात आंबियाची फळे आहेत. पहिला तास बगिच्यास दिल्याने सबंध हंगामात चाळीस हजार रुपयांचे फळ वाचते, चौथा तास दिल्याने अवघे नऊ हजारांचे. तोच चौथा तास अर्ध्या एकर चाऱ्यास दिला, तर सहा हजारांचा विकतचा कडबा वाचतो व सात हजारांचे दूध टिकते. म्हणजे एकूण तेरा हजार. चारही तास बगिच्यास देणारा शेतकरी चार हजार रुपये गमावतो. बगिचा तोट्याचा आहे, असा याचा अर्थ नव्हे; पहिले तास बगिच्याचेच आहेत. प्रश्न शेवटच्या तासाचा आहे, आणि खत, मजुरी व पैसा यांसही हीच कसोटी लागू पडते.

घरातल्या घरात साधनांची वाटणी योग्य होते काय, याचा अभ्यास जगात अनेकांनी केला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्ये असे मांडले की, पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेली साधने तो चोख वापरतो. त्यांच्या आधारांत उत्तर प्रदेशातील सेनापूर गावाची पाहणी होती. शेतकऱ्यास अडाणी समजणाऱ्यांना हे उत्तर आवश्यकच होते. तथापि पुढे क्रिस्टोफर उद्री यांनी आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाची आकडेवारी तपासून 1996 मध्ये एक वेगळी गोष्ट दाखविली. तेथे एकाच घरात पती व पत्नी यांच्या शेतीचे तुकडे निरनिराळे असतात. पीक तेच, वर्ष तेच, घर तेच. तरीही बायकांच्या तुकड्यांचे उत्पन्न सुमारे 30 टक्के कमी भरले, कारण खत जवळजवळ सारे पुरुषांच्या तुकड्यांकडे गेले व मजुरीही तिकडेच अधिक गेली. ही वाटणी सुधारल्यास, एक पैही अधिक न खर्चता, घराचे उत्पन्न सुमारे 6 टक्के वाढले असते, असा त्यांचा अंदाज होता. ही आकडेवारी हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने गोळा केली होती. याच संस्थेने 1975 पासून आपल्या विदर्भात, अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा या गावी, कुटुंबांचे हिशेब वर्षानुवर्षे टिपले.

आपल्याकडे नवराबायकोचे तुकडे वेगळे नसतात, हे खरे. पण कामे वेगळी असतात. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे. निंदण, कापसाची वेचणी व दूधदुभते स्त्रियांकडे. ज्याच्या हाती बाजाराचा पैसा, त्याच्या पिकाकडे पाणी व खत आपोआप वळते. शेतकरी उत्पादक कंपनीत प्रत्येक खर्च खात्यावर चढतो व वर्षअखेर सभासदांपुढे येतो. घरात अशी सभा होत नाही.

झाडावरच बगिचा विकण्याचा व्यवहारही असाच तपासावा. जुलैत दोन लाख देणारा व्यापारी आणि नोव्हेंबरमध्ये कळमना बाजारात मिळू शकणारे, तोडणी व वाहतूक वजा जाता, दोन लाख चाळीस हजार, यांतील फरक चार महिन्यांवर वीस टक्के पडतो. त्यातील काही भाग गारपीट व फळगळ यांचा धोका व्यापाऱ्याने पत्करल्याचा मोबदला आहे. उरलेला भाग म्हणजे व्याजच. मुलांच्या फीसाठी ही उचल घ्यावी लागत असेल, तर सोसायटीच्या कर्जाचा दर आधी विचारून घ्यावा.

बहाराचा निर्णय आंबियाचा ताण सुरू करण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरअखेर, घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा. कागदावर तीन रकाने पाडावेत: मे महिन्यात विहीर किती तास चालते, कोणत्या कामास किती तास लागतात, आणि शेवटच्या तासाचे उत्पन्न किती. घरच्या माणसांचे श्रम गावच्या चालू मजुरीने मांडावेत. दुसरा रकाना म्हैस सांभाळणाऱ्या बाईने भरावा, कारण चाऱ्यास किती पाणी लागते हे तिलाच नेमके ठाऊक असते.