हप्ता थकण्याआधी

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध भडका उडाला आणि तो पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोचला. जमावाचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले गेले. त्यातून 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ मुद्दल किती हे तपासायचे आणि परतफेडीचे हप्ते बांधून द्यायचे, हे अधिकार त्याने न्यायाधीशाला दिले. आज नगर, संगमनेर किंवा कोपरगावात गृहकर्ज थकले तर त्या न्यायाधीशाची खुर्ची रिकामी असते. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँक दिवाणी दावा न लावताच घराचा ताबा घेऊ शकते. म्हणून हप्ते नव्याने बांधून मागण्याचे काम कर्जदारालाच करावे लागते, आणि तेही वेळेत.

वेळ फार नसतो. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए (अनुत्पादक) होते, मग 60 दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्कही संपतो. पतसंस्थेचे कर्ज असेल तर वाट वेगळी: तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो. आपल्या नगर जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, तेव्हा हा फरक माहीत हवाच. लोक मात्र लाजेपोटी गप्प राहतात, सोने तारण ठेवून दोन हप्ते भरतात आणि तिसऱ्याला अडकतात. त्यापेक्षा पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत हप्ते नव्याने बांधून मागणारा अर्ज द्यावा: उत्पन्न का घटले, त्याचे पुरावे, दरमहा नक्की किती भरता येईल तो आकडा. पोचपावती घ्यावीच.

यावर आक्षेप येतो की अशा सवलतीने सगळेच हात पसरतील. पण ही कर्जमाफी नव्हे. मुद्दल पूर्ण राहते, बँक नकारही देऊ शकते. आणि लिलावात घराला बाजारभाव क्वचितच मिळतो, त्यामुळे तोटा बँकेलाही असतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. 9 टक्क्यांनी 20 लाख शिल्लक असतील आणि मुदत 15 वर्षांवरून 20 केली, तर हप्ता सुमारे 20,285 वरून 17,995 वर येतो. एकूण भरणा मात्र साडेसहा लाखांहून अधिक वाढतो. हप्त्यांच्या या पुनर्रचनेची नोंद सिबिलच्या पतअहवालातही उमटू शकते. तरी घर लिलावात जाण्यापेक्षा हे परवडते, कारण बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास व्यक्तीला दंड नसतो. कमाई सावरली की जास्तीची रक्कम थेट मुद्दलात भरून ती वाढलेली वर्षे कमी करता येतात.