पुलीचा व्यास आणि फुलचूरचा मे महिना

गाडी मॉडिफाय करायला घेतली की अलॉय चाकं, सायलेन्सर, एअर फिल्टर झाल्यावर कधीतरी इंजिनाच्या पुल्यांचा नंबर लागतो. मूळची क्रँक पुली काढून लहान व्यासाची, हलकी अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवायची. मग पट्टा हळू फिरतो, अल्टरनेटर, वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद कमी खातात आणि वाचलेली ताकद चाकांना मिळते, असा त्यामागचा हिशेब. हिशेब खोटा नाही. पण तो कुठल्या हवेत आणि किती आरपीएमला मांडला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमध्ये तो मांडला तर उत्तर तोट्याचं येतं.

व्यास बदलला की पुढच्या सगळ्या कामाची गती बदलते, हे धानाच्या या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. राइस मिलमधल्या रबर रोल शेलरचे दोन रोल वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि त्या फरकामुळेच दाण्यावरचा तूस सुटतो. जलद फिरणारा रोल लवकर झिजतो, त्याचा व्यास घटतो, गतीतला फरक कमी होतो आणि न सोललेलं धान पुढे जायला लागतं. म्हणून रोलची अदलाबदल करतात. मोटारीच्या बॉनेटखाली गणित हेच आहे.

समजा क्रँक पुली 150 मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची 50ची. इंजिन 800 आरपीएमला आयडलिंग करत असेल तर अल्टरनेटर 2,400 आरपीएमनं फिरतो. क्रँक पुली 120ची केली की तो 1,920वर येतो. अल्टरनेटर गतीच्या प्रमाणात सरळ वीज देत नाही. खालच्या टप्प्यात त्याचा आलेख चढा असतो, त्यामुळे तिथे थोडी गती गेली तरी बरेच अँपिअर जातात. आता मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. पारा 44-45च्या घरात चढून जेमतेम उतरू लागलेला, एसी चालू, रेडिएटरचा पंखा पूर्ण जोरात, हेडलाइट लागलेले, आणि गाडी शहराच्या गर्दीत मुंगीच्या पावलानं सरकतेय. विजेची मागणी सर्वात जास्त आणि आरपीएम सर्वात कमी, असा हा क्षण. वॉटर पंपाचंही तेच: गती वीस टक्के घटली की कूलंटचा प्रवाह साधारण तेवढाच घटतो. लहान पुली नेमकं इथेच काढून घेते.

मग देते काय? वॉटर पंप खात असलेली ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती वीस टक्के कमी झाली की ती जवळजवळ निम्म्यावर येते, आणि ही बचत खरी आहे. पण आयडलिंगला पंप मुळातच फार थोडं खातो. निम्मं वाचण्याला किंमत येते ती पाच-सहा हजार आरपीएमला. अल्टरनेटरमध्ये तर बचत त्याहून कमी. दिवे, पंखा आणि बॅटरी मागतात तेवढे वॅट त्याला द्यावेच लागतात. हळू फिरला तर तो तेवढ्याच विजेसाठी पट्ट्यावर जास्त जोर लावतो. एसीचा कॉम्प्रेसर हळू फिरला तर गाडी गार व्हायला वेळ लागतो आणि क्लच जास्त काळ जोडलेला राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की शर्यतीच्या गाड्यांत हे सर्रास करतात. करतात, कारण त्या गाड्या सतत वरच्या आरपीएमला असतात, त्यांत एसी नसतो आणि सिग्नलला थांबावं लागत नाही. तिथे मूळ पुली पंपाला गरजेपेक्षा जास्त पळवते, म्हणून ती बदलणं शहाणपणाचंच आहे. रोजच्या गाडीला तो दाखला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप वजनाचा: व्यास तोच ठेवून फक्त हलकी पुली बसवली तर? इंजिन थोडं चपळ वाटेल. पण जुन्या क्रँक पुलीकडे जवळून पाहिलं तर पुष्कळदा मधला तुंबा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये काळ्या रबराची बारीक रेघ दिसते. ते रबर सजावटीचं नाही. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटागणिक क्रँकशाफ्ट किंचित पिळतो आणि सुटतो. ठरावीक आरपीएमला हे कंपन वाढत जातं, आणि रबरावर टांगलेलं जड कडं ते शोषून घेतं. लांब क्रँकशाफ्टच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांना हा त्रास मोटारीच्या बालपणीच भोवला, आणि 1910च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर डँपर काढला. लहान चार सिलिंडरच्या काही इंजिनांना कंपनीच एकसंध पुली देते. तिथे हरकत नाही. पण जिथे रबर दिलंय तिथे ते काढून टाकणं मला पटत नाही. ‘माझ्या गाडीला काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही, कारण धातूचा थकवा तडा जाईपर्यंत बाहेरून दिसत नाही.

नव्या गाड्यांत तर पुलीला हात लावण्याआधी जास्तच विचार हवा. अनेक डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला एकाच दिशेनं पकडणारी पुली असते: पट्टा काढून हातानं फिरवली तर एकीकडे मोकळी सुटते, दुसरीकडे अल्टरनेटरचा रोटर सोबत घेते. तिच्या जागी साधी पुली घातली की पट्टा चिरकतो आणि टेन्शनर थरथरत राहतो. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत तर पट्टा उलट्या दिशेनंही काम करतो, त्याच्याच जोरावर इंजिन पुन्हा सुरू होतं. शिवाय कंपन्यांनी वाचवायचं ते दुसऱ्या वाटेनं वाचवलंय: पॉवर स्टिअरिंगचा पंप पट्ट्यावरून उतरवून विजेवर नेला.

पुल्या बदलूच नयेत असं नाही. टेन्शनर किंवा आयडलरचं बेअरिंग घरघरत असेल, क्रँक पुलीचं रबर भेगाळलं असेल किंवा बाहेरचं कडं डुगडुगत फिरत असेल, तर मूळ व्यासाची, चांगल्या कंपनीची पुली लगेच घालावी. तिथे दोन पैसे वाचवण्यात अर्थ नाही. आणि मोठा अँप्लिफायर, जादा दिवे बसवलेल्या गाडीला बऱ्याचदा उलटाच बदल लागतो, म्हणजे अल्टरनेटर जास्त फिरवणारा. आधी मल्टिमीटर बॅटरीला लावून, सगळं चालू ठेवून आयडलिंगला व्होल्टेज बघावं. ते 13च्या खाली उतरत असेल तर जास्त क्षमतेचा अल्टरनेटर हा पहिला पर्याय, त्याची पुली लहान करणं हा दुसरा. दुसरा निवडला तर वरच्या टोकाचा हिशेब आधी करावा: वरच्याच उदाहरणात अल्टरनेटरची पुली 50ची 45 केली तर 6,000 आरपीएमला तो 20,000वर जातो, आणि पुष्कळ अल्टरनेटरांची मर्यादा 18,000च्या आसपासच असते. पुली लहान झाली की पट्ट्याची मिठीही कमी होते आणि लांबी बदलते, तेव्हा नवा पट्टा मापानंच घ्यावा.