लोकलचा जांभळा नेमका कुठला?

मॉडेल एक्झिबिशनसाठी मी पुठ्ठ्याची लोकल केली, 2007 साली आलेली ती पांढरी-जांभळी. डोंबिवली स्टेशनवर रात्री काढलेल्या फोटोतून कॉम्प्युटरवर रंगाचे आकडे घेतले, तसंच ॲक्रेलिक मिक्स केलं. बाबा रोज हिनेच ठाण्याला जातात. म्हणाले, "ही चॉकलेटी गाडी कुठली रे?"

घोळ दिव्याचा! पिवळ्या उजेडात जांभळा तपकिरी दिसतो. त्यात स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा, डबीतला रंगद्रव्याचा. शिवाय ॲक्रेलिक वाळलं की गडद होतं.

तेव्हा मित्रांनो, फोटो दिवसा काढा, फ्रेममध्ये पांढरा कागद धरा. तो पिवळट आला तर रंगही तेवढा फसवतोय. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग वाळवून खऱ्या गाडीशी ताडून बघा. छोट्या मॉडेलवर तोच रंग गडद वाटतो, थेंबभर पांढरा घाला.

सबमिशनला तीन दिवस उरलेत. माझा तुकडा अजून ओला आहे.