धंद्यासाठी जुनी एसयूव्ही घेताना

किमतीआधी इंधनाचा हिशेब मांडा. महिन्याला 1500 किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरमागे 12 ऐवजी 18 किलोमीटर दिले, तर दरमहा जवळपास 42 लिटर वाचतात.

मारुतीची विटारा ब्रेझा मार्च 2016 मध्ये आली, ती फक्त 1248 सीसी डिझेल इंजिन घेऊन. कंपनीचा आकडा लिटरला 24.3 किलोमीटर, प्रत्यक्षात त्याहून कमीच धरा. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 प्रदूषण निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल सोडले, त्यामुळे ही डिझेल गाडी आता जुन्या बाजारातच मिळते. गावोगावी फिरून ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्याला, सर्व्हिसची नोंद नीट असेल तर, माझी पहिली शिफारस हीच.

बीएस-6 डिझेल मात्र जपून. तिच्या धुराड्यातला डीपीएफ फिल्टर साठलेली काजळी जाळून साफ होतो, आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ सलग तापलेले लागते. दुकान ते गोदाम एवढ्याच फेऱ्या असतील तर तो तुंबतो, बदलायचा खर्चही मोठा. शहरातल्या शहरात पेट्रोल किंवा सीएनजीच बरी.

आरसीवर कर्जाचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. तो धंदा करायचा असेल तर परवाना आणि पिवळी पाटी घ्यावी लागते.