फळांचे सारण भरलेली प्रथिनयुक्त भाजकी करंजी: घरच्या नाश्त्यासाठी कृती, प्रमाण आणि काळजी

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठच्या वस्त्यांमध्ये, अनेक घरांची सकाळ चहा आणि खारी-टोस्टने सुरू होते. तरुण आणि निरोगी माणसाचे त्यावर दुपारपर्यंत भागते. पण घरात आजारातून उठलेली व्यक्ती असेल, टीबीचे औषध सुरू असेल, शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा सत्तरीचे आजी-आजोबा असतील, तर हाच नाश्ता त्यांची ताकद हळूहळू कमी करतो. कारण दोन टोस्ट आणि एक कप चहा यांतून जेमतेम ४ ते ५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

अशा रुग्णांना "प्रथिने वाढवा" असे सांगितले की घरच्यांना महागड्या पावडरचा डबा आठवतो. रुग्णाला मात्र दूध नको असते, अंडे चालत नाही आणि वरण सकाळी जात नाही. चहासोबत काहीतरी खुसखुशीत आणि गोडसर हवे असते. या लेखात त्याच सवयीत बसणारा एक पदार्थ दिला आहे: फळांचे सारण भरलेली, न तळता भाजलेली करंजी. पेस्ट्री म्हटले की आपल्याला क्रीमचा केक आठवतो. पण पिठाच्या पारीत सारण भरून भाजणे हाही पेस्ट्रीचाच प्रकार आहे, आणि करंजी किंवा कानोले करणाऱ्या घराला तो नव्याने शिकावा लागत नाही.

सकाळच्या प्रथिनांचे महत्त्व काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ गट किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे त्याच वजनाला ६० ते ७२ ग्रॅम.

वयानुसार स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देऊ लागतात. दिवसभराची प्रथिने एकाच जेवणात घेण्यापेक्षा प्रत्येक जेवणात २० ते २५ ग्रॅम मिळाली तर स्नायू टिकायला मदत होते. बहुतेक घरांत कमी पडते ते सकाळी. स्नायू कमी झाले की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना धाप लागते आणि तोल जातो. वृद्धापकाळात एकदा पडल्यावर खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरायला वेळ लागत नाही.

करंजीत प्रथिने कुठून येतात?

बऱ्याच जणांचा समज असतो की फळ घातले म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला. फळातून जीवनसत्त्वे, तंतू आणि चव मिळते, पण प्रथिने जवळजवळ नसतात. म्हणून प्रथिने पारीत आणि सारणात, दोन्हीकडे घालावी लागतात. दर १०० ग्रॅममध्ये अंदाजे प्रथिने अशी असतात:

• गव्हाचे पीठ: १० ते ११ ग्रॅम
• बेसन किंवा हरभरा डाळ: २१ ते २२ ग्रॅम
• सोयाबीनचे पीठ (तेल न काढलेले): ३६ ग्रॅमच्या आसपास
• पनीर: १८ ते १९ ग्रॅम
• शेंगदाणे: २३ ते २४ ग्रॅम
• तीळ: सुमारे २१ ग्रॅम
• पेरू, पपई, केळी: बहुधा १ ते १.५ ग्रॅमच्या आत

मैद्यातही गव्हाच्या पिठाइतकीच प्रथिने असतात, पण तंतू फार कमी. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-पोळी आणि पुरणपोळी यांचा जोड नेमका हाच आहे. अकोला डाळ मिलचे गाव आणि वऱ्हाड सोयाबीनचा पट्टा. त्यामुळे यातील बहुतेक जिन्नस किराणा दुकानात सहज मिळतात.

साहित्य (८ मोठ्या करंज्यांसाठी)

पारीसाठी:
• गव्हाचे पीठ १०० ग्रॅम
• मंद भाजलेले बेसन ५० ग्रॅम
• भाजलेले सोयाबीनचे पीठ ३० ग्रॅम
• दही ६० ग्रॅम
• तूप ३० ग्रॅम (२ मोठे चमचे)
• चिमूटभर मीठ, लागेल तसे दूध

सारणासाठी:
• पनीर १५० ग्रॅम
• पेरू, पपई किंवा केळीचा गर २०० ग्रॅम
• भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट ३० ग्रॅम
• भाजलेले तीळ १० ग्रॅम
• गूळ ३० ग्रॅम (मधुमेह असल्यास वगळावा)
• वेलची किंवा सुंठ पूड

या प्रमाणात एका करंजीत साधारण ९ ग्रॅम प्रथिने आणि २१० ते २२० कॅलरी मिळतात. दोन करंज्या आणि एक पेला दूध घेतले की सकाळची प्रथिने २४ ते २५ ग्रॅमपर्यंत पोहोचतात.

पनीर परवडत नसेल तर १०० ग्रॅम हरभरा डाळ मऊ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, पुरणासारखी वाटून घाला. तेव्हा एका करंजीत सुमारे ८ ग्रॅम प्रथिने राहतात. डाळ शिजवलेले पाणी टाकू नका, त्याची कटाची आमटी करा.

कृती

१. गर आटवा. पेरूच्या बिया गाळून किंवा पपई कुस्करून गर जाड बुडाच्या भांड्यात गोळा होईपर्यंत आटवा. सारण ओले राहिले तर पारी खालून कच्ची राहते. पपई न शिजवता पनीरमध्ये मिसळू नका. तिच्यातील पपेन हे द्रव्य दुधातील प्रथिने तोडते आणि सारण कडवट होऊ शकते. शिजवल्यावर त्याचा परिणाम थांबतो.

२. सारण मिसळा. गर गरम असतानाच गूळ घाला आणि पुन्हा थोडे आटवा. पूर्ण गार झाल्यावर किसलेले पनीर, कूट, तीळ आणि वेलची मिसळा.

३. पारी भिजवा. तिन्ही पिठे एकत्र करून त्यांत तुपाचे मोहन चोळा. मूठ वळली की घट्ट राहील इतपत ते मुरले पाहिजे. मग दही घाला आणि चमचा-चमचा दुधाने घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. बेसन आणि सोयाबीन पाणी सावकाश शोषतात. घाई केली तर लाटताना कडा फाटतात.

४. लाटा आणि भरा. आठ गोळे करा. प्रत्येकाची साधारण १२ सेंटिमीटरची पारी लाटा, सारण भरा, कडेला दुधाचे बोट फिरवून घट्ट दाबा आणि कातण्याने कापा. वाफ जाण्यासाठी काट्याने वर दोन-तीन टोचे मारा.

५. भाजा. ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर २२ ते २५ मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि दहा मिनिटे झाकून तापवा. मग ताटलीला तूप लावून करंज्या ठेवा आणि मंद ते मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजा. मध्ये एकदा उलटा. दोन्ही बाजूंना बदामी रंग आला पाहिजे.

संत्री असतील तर?

वऱ्हाडात संत्र्याशिवाय फळांची गोष्ट पुरी होत नाही. पण संत्र्याच्या फोडी शिजवल्या की फार पाणी सुटते, बिया आणि पांढऱ्या सालीमुळे कडवटपणा येतो, शिवाय त्यातील क जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो. म्हणून संत्रे सारणात न घालता करंजीसोबत ताजे खा. क जीवनसत्त्वामुळे डाळ, तीळ आणि गव्हातील लोह शरीरात शोषले जायला मदत होते. चहा मात्र उलट काम करतो. रक्त कमी असलेल्यांनी चहा आणि नाश्ता यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

पीठ घेताना दोन गोष्टी तपासा

• कच्च्या सोयाबीनचे पीठ वापरू नका. त्यातील ट्रिप्सिन इनहिबिटर हा घटक प्रथिनांचे पचन अडवतो. घरचे सोयाबीन दळायचे असेल तर उकळत्या पाण्यात २५ मिनिटे शिजवा, कडक वाळवा, खमंग भाजा आणि मगच गिरणीत द्या.
• सुट्ट्या बेसनात लाखोळीच्या डाळीची भेसळ होऊ शकते. लाखोळी दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने पाय लुळे पडण्याचा आजार होतो. रोज वापरायचे बेसन शक्यतो हरभरा डाळ निवडून, दळून आणावे.

कोणी काळजी घ्यावी?

मूत्रपिंडाचा आजार: अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण बरेच असतात. क्रिएटिनिन वाढलेले असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. डायलिसिसवरील रुग्णाला उलट अधिक प्रथिने लागतात, पण पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळावे लागतात. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही करंजी सुरू करू नये.

मधुमेह: गूळही रक्तातील साखर वाढवतो. "साखर नाही, गूळ घातला" म्हणून सूट मिळत नाही. गूळ वगळा, पेरूचे सारण निवडा आणि करंजी पोळीच्या ऐवजी खा, पोळीच्या वर नको. पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासा.

थायरॉईडची गोळी: ती रिकाम्या पोटी घेऊन अर्धा ते एक तासाने नाश्ता करा. सोयाबीन, दूध आणि कॅल्शियम या गोळीचे शोषण कमी करतात.

पार्किन्सनची लेव्होडोपा गोळी: प्रथिनांसोबत घेतल्यास तिचा परिणाम कमी होऊ शकतो. ती जेवणाआधी अर्धा तास घेतात. तुमच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके: दूध-पनीरसोबत घेऊ नयेत. किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

पक्षाघातानंतर गिळायला त्रास: खारीचा किंवा करंजीचा कोरडा चुरा श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा रुग्णाला फक्त मऊ सारण, बसवून, लहान चमच्याने द्या. तेही गिळण्याची तपासणी झाल्यानंतरच.

ॲलर्जी: शेंगदाणा, तीळ, सोयाबीन किंवा दुधाची ॲलर्जी असल्यास तो जिन्नस पूर्ण वगळा. सिलिॲक आजारात गहू चालत नाही.

टीबीच्या रुग्णांसाठी

टीबीत वजन घटते, आणि कुपोषणात टीबी बळावतो. उपचारांसोबत वजन वाढत राहणे हे चांगले लक्षण आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यावर पूर्वी दरमहा ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही मदत १००० रुपये झाली आहे. नाव नोंदवताना आरोग्य केंद्रात बँक खात्याचा तपशील दिला आहे ना, हे पाहा. हा पैसा पावडरच्या एका डब्यात घालवण्यापेक्षा महिनाभराची डाळ, शेंगदाणे, अंडी आणि दूध यांत वापरलेला बरा.

साठवण

अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पनीर आणि फळांचे सारण अशा हवेत लवकर नासते. उन्हाळ्यात करंजी तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, इतर ऋतूंत दोन तासांपेक्षा जास्त नको. फ्रीजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते. न भाजता फ्रीझरमध्ये ठेवल्यास महिनाभर चालते. सकाळी तशीच काढून पाच-सात मिनिटे जास्त भाजा. मुलांच्या किंवा कामावरच्या डब्यासाठी उन्हाळ्यात पनीर आणि डाळ दोन्ही वगळा, फक्त शेंगदाणे, तीळ आणि घट्ट आटवलेल्या फळाचे सारण भरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज खाल्ली तर चालेल का?
मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दोन करंज्या हा एक पूर्ण नाश्ता आहे. वजन कमी करायचे असेल तर एक करंजी, सोबत ताक आणि फळ पुरे. एखाद-दुसऱ्या दिवशी मुगाचे धिरडे, अंडे किंवा मोड आलेली उसळ घेऊन बदल करा.

तळली तर काय बिघडते?
प्रथिने तेवढीच राहतात, तेल वाढते. खूप वजन घटलेल्या रुग्णाला कॅलरी हव्या असतात, पण त्यासाठी तळण्यापेक्षा सारणात कूट आणि तूप वाढवणे पचायला सोपे जाते.

उपवासाला चालेल का?
श्रावणात राजराजेश्वराच्या दर्शनाला जाणारे अनेक जण सोमवारी उपवास करतात. त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या पिठात उकडलेला बटाटा मळून पारी करा आणि पनीर-शेंगदाण्याचे सारण भरा. ही पारी नाजूक असते, म्हणून प्लास्टिकच्या कागदावर थापा. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्यावा.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

• प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल (६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो)
• हात न टेकता खुर्चीतून उठता येत नसेल किंवा वर्षभरात दोनदा पडणे झाले असेल
• पायांवर, चेहऱ्यावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल
• जेवताना ठसका लागत असेल किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल

यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या. नसेल तर येत्या रविवारी आठ करंज्या करून पाहा. रुग्णाने किती खाल्ल्या ते आठवडाभर लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करा. ती नोंद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. आहार किती वाढवायचा हे ठरवायला त्यांना तिचा उपयोग होईल.