'रन' म्हणजे फक्त धावणे नव्हे!



आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल लिहिते आहे. शब्द अगदी साधा, 'रन'. क्रिकेटमुळे तो शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतो. गाइडमध्ये आणि मुलांच्या वहीत त्याच्यासमोर एकच अर्थ असतो, रन म्हणजे धावणे. पहिलीदुसरीपर्यंत तेवढ्यावर भागतं. पुढे वाचनपाठात 'माय अंकल रन्स अ शॉप' असं वाक्य येतं आणि गाडी अडते. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने याचा अर्थ लिहिला होता, 'माझे काका दुकानाकडे धावतात.' उत्तर चूक, पण तिने डोकं किती चालवलंय बघा! दुकान काही धावत नाही, दुकान काही कोणी धावत नाही, म्हणून तिने स्वतःच 'कडे' जोडून वाक्याला अर्थ दिला. पाठ केलेल्या एका अर्थाने तिला फसवलं.

मुळात या शब्दाला अर्थ किती? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले आहेत. एकट्या या शब्दावर एका संपादकाला नऊ महिन्यांहून अधिक काळ काम करावं लागलं. त्याआधी हा मान 'सेट' या शब्दाकडे होता. 1989 च्या आवृत्तीत त्याचे सुमारे 430 अर्थ होते. आकडा वाचून घाबरू नका. यातले बरेच अर्थ एकमेकांचे सख्खे चुलत भाऊच आहेत, आणि रोजच्या वापरात येतात ते थोडे.

हे सगळे अर्थ आले कुठून? जुन्या इंग्रजीत या शब्दाचा जो पूर्वज होता, तो माणसाच्या धावण्याला आणि पाण्याच्या वाहण्याला, दोन्हींना चालायचा. म्हणून इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो आणि सर्दी झाली की नाकही 'रन' होतं. (आपल्या वर्गात पावसाळ्यात याचं प्रात्यक्षिक रोज असतं.) लाल फ्रॉक पांढऱ्या शर्टाबरोबर धुतला आणि त्याचा रंग शर्टाला लागला, तरी 'द कलर रॅन'. पुढे यंत्रं आली. आगगाडी, गिरणी, मोटार आणि आता कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, जे जे न थांबता सुरू राहतं त्याला इंग्रजांनी 'रन' लावलं. त्याच वाटेने दुकान, शाळा, संस्थाही 'रन' होऊ लागल्या.

आता गंमत बघा. इंग्रजीत जे धावतं, ते मराठीत बहुतेक वेळा चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, शाळा चालते, गाडी पेट्रोलवर चालते, पिक्चर पंचवीस आठवडे चालतो. आपल्या मुलांना 'चालणे' म्हणजे फक्त पायांनी चालणे नव्हे, हे कुणी शिकवावं लागलं का? नाही. घरात ऐकून ऐकून आलं. म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ पेलण्याची ताकद मुलांकडे शाळेत येण्याआधीच असते. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, पैसे लागतात, आंबा गोड लागतो आणि दादाला नोकरी लागते! चौथीचं मूल यात कधी गोंधळत नाही.

म्हणून मी 'रन'कडे 'चालणे'वरून जाते. आधी फळ्यावर मराठी वाक्यं घेते, कोण कोण चालतं ते मुलांकडूनच काढून घेते, मग सांगते की इंग्रजीत हे सगळे धावतात. मुलं हसतात आणि लक्षात राहतं. उलट्या दिशेने मात्र जपून! 'मला चहा चालेल' याचं 'टी विल रन' होत नाही, हे त्याच तासाला सांगून टाकायचं.

काही ठिकाणी आपणही धावतो बरं का. शिवणातला रनिंग टाका म्हणजे धावदोरा. तसंच धावते समालोचन आणि विमानाची धावपट्टी. आणि आपल्या 'धाव' शब्दाचे अर्थ तरी कमी आहेत का? बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव, मोटेचे बैल ज्या उतारावरून जात तीही धाव. आजोबांना विचारायला सांगा, मुलं घरून आणखी शब्द आणतील.

निवडणुकीचं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडमध्ये तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडेही उभाच राहतो. इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांतच जर असा फरक असेल, तर मुलाच्या वहीत एकच अर्थ बरोबर धरण्याचा हट्ट कशाला?

पालकांना एक विनंती. रोज दहा शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा तीन शब्द घ्या, पण वाक्यासकट. मूल अडलं तर लगेच मोबाइलमध्ये अर्थ शोधून देऊ नका. 'या वाक्यात कोण आहे? दुकानाचं काय होत असेल?' असं विचारा. अर्थ शेजारच्या शब्दांतून कळतो. शिक्षकांनीही पेपर तपासताना चुकीच्या उत्तरामागचा विचार बघावा. नुसती लाल फुली मिळाली की पुढच्या वेळी मूल अंदाज करणंच सोडतं आणि जागा कोरी ठेवतं. कोऱ्या जागेवर आपण काय शिकवणार?

चौथीपर्यंत धावणे, वाहणे, चालवणे, यंत्र सुरू असणे आणि क्रिकेटची धाव एवढे अर्थ पुरे. पाचवीनंतर 'रन'ला शेपट्या जोडायला घ्या. सुरुवात 'रन आउट'पासून करा, कारण तो सगळ्यांना येतो, म्हणजे धावचीत. मग फळ्यावर लिहा, 'वुई रॅन आउट ऑफ चॉक'. खडू धावचीत कसा झाला यावर पाच मिनिटं वर्ग गाजतो, मग कुणीतरी म्हणतंच, 'बाई, खडू संपले!' 'रन इन्टू' आणि 'रन ओव्हर' मात्र एका दिवशी शिकवू नका. पहिल्याचा एक अर्थ रस्त्यात अचानक भेटणं आणि दुसऱ्याचा अंगावरून गाडी नेणं. दोन्ही एकदम शिकवले, तर निबंधात बाजारात भेटलेल्या बाईंचं काय होईल ते सांगता येत नाही.